काचेवरच्या कुरड्या

अकोल्यात जठारपेठेतल्या माझ्या ऑफिसच्या पाटीवर ‘स्वयंपूर्ण घरे’ असं लिहिलंय. एके काळी मला त्या शब्दांचा केवढा अभिमान होता. आता एखादं गिऱ्हाईक ते कौतुकाने वाचायला लागलं की माझं डोकं सणकतं. पाटी बदलायचा आळस आहे, म्हणून ती तशीच आहे.

मी घरं आखते. वीज उन्हाची, पाणी पावसाचं, चुलीला गॅस गोठ्यातल्या शेणाचा. अशी बरीच घरं आखली, पण जीव ओतून आखलं ते एकच, माझ्या आईबाबांचं. तेल्हाऱ्याबाहेर आमच्या शेतात.

बाबांची सगळी नोकरी जिनिंगमध्ये गेली. कापसाची धूळ वर्षानुवर्षं छातीत जाऊन बसली आणि शेवटी तिथे हवेला जागाच उरली नाही. अमरावतीच्या डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं. ते मशीन खोलीतल्याच हवेतून ऑक्सिजन काढून नळीने नाकात सोडतं, सिलिंडर सारखे आणावे लागत नाहीत. फक्त वीज पाहिजे, रात्रंदिवस. आणि आमच्या शेतात लाइन येते ती पाळीने. जरा वावटळ उठली की तीही गुल.

मी म्हटलं, अकोल्याला माझ्याकडे चला.

“तुह्या फ्लॅटात मले मशीन लावूनबी श्वास घेता येत नाई,” बाबा म्हणाले. विषय संपला.

मग मी घरच मशीनच्या तोलाचं करायला घेतलं. काळ्या मातीत मुरूम लागेपर्यंत पाया खणला. भिंती जाड केल्या, छत दुहेरी, खिडक्या उत्तरेला. वैशाखात बाहेर पाऊल टाकवत नाही, पण त्या घरात कूलरशिवाय दुपार निघायची. स्लॅबवर सौर पॅनलच्या रांगा आणि खाली बॅटऱ्या. आभाळ भरून आलं तरी मशीन थांबू नये असा सगळा हिशेब होता. लोक बघायला यायचे. नाकात नळी, ओसरीवर खुर्ची, आणि बाबा आल्यागेल्याला सांगायचे, “बाहेरून एक तार येत नाई या घरात!”

आईला पॅनलचं काही पडलेलं नव्हतं. पण काचेवर धूळ बसली की वीज कमी होते हे बाबांनी तिच्या डोक्यात भरवलं आणि तिने ते काम अंगावर घेतलं. रोज सकाळी शिडीवरून वर जाऊन ओल्या फडक्याने काचा पुसायची. कामाला माणूस ठेवते म्हटलं तर मलाच ऐकवायची, “लोकाईचं पुसणं मले पटत नाई.” तिच्या हाताखालची भांडी जशी लखलखतात तशा त्या काचा लखलखायच्या. मी तर दुसऱ्या गिऱ्हाइकांना सांगायची, माझ्या आईसारखी निगा ठेवा.

वाळवणासाठी मी अंगणात ओटा बांधून दिला होता. आमच्याकडे उन्हाळा म्हणजे पापड, सांडगे आणि कुरड्या. आईच्या कुरड्या नात्यात नावाजलेल्या. गहू भिजवायचे, वाटायचे, चीक काढायचा, शिजवायचा, सोऱ्यातून पाडायचा, आणि मग कडक ऊन. पहिल्या वर्षी तिने त्या ओट्यावर घातल्या. शेजारच्या शेताच्या धुऱ्यावरून ट्रॅक्टर गेले आणि सगळ्या कुरड्यांवर माती बसली. वर खारींनी धुडगूस घातला. आई चार दिवस धुमसत होती.

पुढच्या उन्हाळ्यात तिला काचा आठवल्या. उंचावर, गुळगुळीत, तव्यासारख्या तापणाऱ्या आणि तिने स्वतःच्या हाताने पुसलेल्या. त्यावर जुनं धुतलेलं लुगडं अंथरलं की झालं. शेजारणी आल्या, आठवडाभर त्यांचाही चीक येत राहिला. मला तिने सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात तिला काही वाटलंच नाही. सगळ्या काचा थोड्याच झाकल्या होत्या! प्रत्येक रांगेत काही मोकळ्या सोडल्या होत्या. पण पॅनलची रांग ठिबकच्या नळीसारखी असते. मधे एका जागी नळी दुमडली की पुढचं सगळं कोरडं. तो आठवडाभर घराला वीज मिळाली असेल ती नावापुरती.

किती वीज साठली ते दाखवणारा डबा ओसरीवर होता. तो बघायचं काम बाबांचं. पण त्या दिवसांत त्यांना खाटेवरून उठवत नव्हतं, आणि आईला ते आकडे कळत नव्हते. वर बायका हसतखिदळत सोऱ्या फिरवत होत्या, खाली ते पडून होते.

आठवड्याअखेर एका पहाटे मशीन शिट्टी देत बंद पडलं. उशाशी छोटा सिलिंडर होता, तो आईने न घाबरता लावला. शेजाऱ्यांनी गाडी काढली, मला फोन केला. मी अकोल्यात दवाखान्याच्या दारात उभी होते. सिलिंडर वाटेतच संपला आणि बाबाही.

सगळं उरकल्यावर मी एकटी स्लॅबवर चढले. मशीन का थांबलं ते मला कळायलाच पाहिजे होतं. माझा हिशेब मी पुन्हा पुन्हा तपासला होता, तो चुकलेला नव्हता. वर गेले तर मधल्या काचांवर लुगड्याच्या विणीचे ठसे आणि कडेला सुकलेल्या चिकाचे पांढरे पापुद्रे. मी खाली बसले. मला आईचा राग आला. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता. मग मी नखाने ते पापुद्रे खरवडून काढले, एकूण एक.

तेरवीला पाहुण्यांत कुजबुज होतीच. एक काका मला ऐकू जाईल असं बोलले, “पोरीनं बापाले बॅटरीवर ठेवलं. सरकारी लाइन असती तर?” त्यांना माहीत होतं लाइन कशी असते ते. मी त्यांच्या ताटात भात वाढला. तेल्हाऱ्याकडची माझी दोन कामं त्यानंतर गेली.

आईने मात्र सरळ विचारलं. पाहुणे पांगले होते, आम्ही दोघी स्वयंपाकघरात होतो.

“काहून बंद पडलं माय ते मशीन? ऊन तं एवढं होतं.”

तिचे हात मांडीवर होते. सोऱ्या फिरवून तळव्यांना आलेले फोड अजून पुरते बसले नव्हते.

“बॅटरी खराब निघाली,” मी म्हटलं. “मी नीट पाहून घेतली नाही.”

ती उठली, फळीवरून पत्र्याचा डबा काढला, कढई चढवली. सुतकात काही तळलं नव्हतं, तोंडाला चव नव्हती कुणाच्या, म्हणाली. तेलात कुरडई टाकली, ती फुलून आली, पांढरीशुभ्र. या साली काय वाळल्या, म्हणाली, दोन उन्हात कडक. ताटली माझ्यासमोर ठेवली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

“मनाले लावून घेऊ नको. चुकते माणूस. त्याईनंबी तुले माफ केलं असन. मी तं केलं.”

मला ओरडून सांगावंसं वाटलं. तोंडापर्यंत आलं होतं. ती माझ्याकडे बघत होती, खाते की नाही ते. मी कुरडई मोडली आणि खाल्ली.

“चांगली झाली न?” तिने विचारलं.

“चांगली झाली,” मी म्हटलं, आणि दुसरी घेतली.