दोन सारखे गोळे

विज्ञानकेंद्राच्या तळघरात प्लॅस्टरची कामं ओतणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे साचेकाका म्हणत. सध्या त्यांच्यापुढे चार खडकाळ ग्रह होते, पोटातलं दिसावं म्हणून अर्धे कापलेले. काकांची रीत अशी, की आधी आतला भाग रंगवायचा, बाहेरची कातडी शेवटी. बुधाच्या पोटात जवळजवळ सगळा लोखंडाचाच गोळा. "फळापेक्षा कोयच मोठी की!" काका म्हणाले. मंगळ लहानखुरा, कधीच थंडावलेला. इथवर ठीक. पण पृथ्वी आणि शुक्र केंद्रातल्या ग्रहांच्या अभ्यासक मॅडमनी एकाच साच्यात ओतायला लावले, फरक किरकोळ म्हणून. गोळे पुसताना त्यांवरच्या नावाच्या चिठ्ठ्या निघाल्या आणि कोण कुठला ते काही केल्या ओळखू येईना.

त्यात सकाळी सासरहून आलेला धाकट्या लेकीचा फोन डोक्यात. "बाबा, मला न्यायला या. नाही राहायचं इथे." काकांनी नेहमीचंच सांगितलं होतं, "जरा सांभाळून घे." दोन्ही मुली एकाच घरात वाढल्या, दोन्ही स्थळं त्यांनीच पारखून घेतलेली. थोरलीचा संसार बहरला, धाकटीचा कायम धुमसता. म्हणजे खोट धाकटीतच, असा निवाडा त्यांनी मनाशी कधीच करून टाकला होता.

मॅडम आल्या तशी काकांनी चाचरत विचारलं, "यातली पृथ्वी कुठली?"

मॅडम हसल्या. "कुठलाही गोळा घ्या. आतून दोघं जवळपास सारखेच असावेत. शुक्राच्या पोटात अजून कुठे कोणी नीट डोकावलंय!"

"मग आपण एकावर सुखानं नांदतो, आणि दुसऱ्यावर?"

"शिसं वितळेल इतका ताप. वर जाड हवेचं पांघरूण, उष्णता बाहेरच पडत नाही."

"यात चूक कोणाची? गोळ्याची?"

"चूक कसली, काका! सूर्याच्या जरा जवळ पडला, पाणी उडून गेलं, बिघडत गेलं. नेमकं कसं, त्यावर आमच्यातच वाद आहेत."

काकांची मती गुंग झाली. आयुष्य यात घालवणाऱ्या बाईला छातीठोक सांगता येत नाही, आणि आपण फोनवर निकाल देऊन मोकळे! त्यांना स्वतःची लाज वाटली. ब्रश रंगातच सोडून त्यांनी फोन लावला.

"न्यायला येतोय. सामान भर."

धाकटी घाबरून म्हणाली, "काय झालं, बाबा? माझं काही चुकलं का?"

"नाही गं," काका म्हणाले, आणि फोन कानाला धरूनच त्यांनी पायात चपला सरकवल्या.