तिसरी सुई

वेणूने सुया मोजल्या. दोन. डबी उलटी करून, झाकण आपटून पुन्हा मोजल्या. दोनच. हव्या होत्या तीन.

तिने आधी नातीला उचललं. नऊ महिन्यांची पोर लादीवर रांगत फिरत होती आणि हाताला लागेल ते तोंडात कोंबत होती. वेणूने तिच्या तोंडात बोट घालून पाहिलं, मुठी उघडून पाहिल्या. काही नव्हतं. पोरीने भोकाड पसरलं तशी सून मनिषा पिठाच्या हातांनीच चुलीपासून उठून आली.

"काय झालं, आई?"

"हिला घे. खाली सोडू नको. सुई नाय एक."

 मनिषाने पोरीला छातीशी धरलं आणि खाटेवर पाय वर घेऊन बसली, जणू खाली पुराचं पाणी शिरलं होतं.

वेणूच्या सासरची मिठागरं होती. लग्न होऊन आल्यावर डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहून तिच्या टाळूचे केस गेले. पुढे मिठागरं नव्या शहरासाठी गेली आणि त्या जागी कामोठ्याच्या बिल्डिंगा आल्या. वेणूने त्या बिल्डिंगांमधली भांडी घासली. मग चार वर्षांपूर्वी पनवेलच्या शहाबानोने तिला हे काम दिलं. परदेशी दुकानांसाठी लहान मुलींचे फ्रॉक शिवणारी एक कंपनी होती. गळ्याभोवती मणी लावायचं काम हाताचं, आणि कंपनीत तेवढे हात नव्हते. शहाबानो तिथे चेकिंगला होती. ती मागच्या गेटने रिक्षात गाठोडी घालून आणायची आणि बावीस घरांत वाटायची. दुकानवाल्यांचा नियम होता की कंपनीच्या छपराबाहेर एक टाकाही घालायचा नाही. मॅनेजरला सगळं ठाऊक होतं आणि त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

दुसरा एक नियम मात्र शहाबानोने घरोघर पोचवला होता. प्रत्येकीला तीन सुया. तुटली तर दोन्ही तुकडे कागदावर चिकटवून परत द्यायचे, तरच नवी मिळणार. कपड्यात सुई राहून तिकडच्या पोरीला टोचली, तर अख्खी ऑर्डर जाते. बायका हसायच्या. "नवरा हरवला तर एवढा पंचनामा नाय होनार," शेजारची सखूबाई म्हणायची.

पण २००९च्या त्या साली कोणी फारसं हसत नव्हतं. तिकडे कुठे बँका बुडाल्या आणि इकडे गाठोडी थांबली. "बँक त्यांची बुडाली, मग आमचे मनी कसे बुडाले?" असं सखूबाईने शहाबानोला विचारलं होतं, आणि चार ठिकाणी हिंडणाऱ्या शहाबानोलाही ते समजावता आलं नव्हतं. पाच महिन्यांनी आलेलं हे पहिलं गाठोडं. मणी लावून झाले आणि काल तिन्हीसांजेला शहाबानो ते घाईघाईत परत घेऊन गेली. सुया मोजायला थांबली नाही. उद्या बघते, म्हणाली.

वेणूने मुलाच्या, केतनच्या मोडक्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढलं आणि दारापासून सुरुवात केली. लादीच्या फटी, गोधडीची घडी, पाटाखाली, खाटेच्या पायांशी. चुंबकाला एक चुकार खिळा चिकटला, एक पिन चिकटली. प्रत्येक वेळी ती ते उजेडात धरून बघायची.

"पोरीनं गिळली असंल तर?" मनिषा खाटेवरूनच म्हणाली.

"तोंड बघितलं मी."

"तोंडात कशी दिसंल? पोटात गेली असंल तर? तुमाला सांगत होते, पोर रांगायला लागली, आता हे काम बंद करा."

वेणूने नातीकडे पाहिलं. नात दूध पीत होती, रडत नव्हती. पोटात सुई असलेलं मूल दूध पितं का, हे तिला ठाऊक नव्हतं, आणि विचारायचं कोणाला तेही ठाऊक नव्हतं.

सखूबाई दारात आली. वेणूला गुडघ्यांवर पाहून थबकली.

"काय शोधतेस गो?"

"सुई."

"कंच्या सुईचं बोलतेस? काल मी तुला न इचारता नेली होती ती? ती मी दिली की परत."

वेणू तिथेच बसली. "कोनाला दिलीस?"

"तू मोरीत होतीस. दिवा लागला होता. दिवेलागनीला सुई हातात देतात का कोन? भांडनं होतात. म्हनून कापडात खोचून ठेवली. तिथं, त्या गठ्ठ्याला. वरच्या फ्रॉकाला, गल्याशी."

मनिषाने डोळे मिटले आणि पोरीच्या टाळूवर ओठ टेकले. वेणूचाही सगळा जीव एकदम सैल पडला. सुई घरात नव्हती. क्षणभर तिला एवढंच कळलं.

मग तिला कळलं की सुई कुठे आहे.

"मनिषा, मोबाइल दे."

"कोनाला लावता?"

"शहाबानोला."

मनिषाने मोबाइल उशीखाली सरकवला. "कशाला? त्यांच्याकडं मशीन असते, सुई पकडायची. तुमीच सांगितलं होतं. त्यांच्या पोरींना मशीन हाय, आई. आपल्या पोरीला तुमी आनि ते स्पीकरचं चुंबक."

"आनि नाय पकडली तर?"

"नाय पकडली तर गेली. कोनाची हाय, कुठून आली, कोन इचारतंय?"

सखूबाईही मनिषाच्या बाजूने गेली. पाच महिन्यांनी काम आलंय, वेणू. आता तोंड उघडलंस तर बावीस घरांच्या चुली इझतील.

वेणूने हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. शेवटी मनिषाने मोबाइल दिला.

शहाबानोने सगळं ऐकून घेतलं. पलीकडे शिलाई मशीनचा घरघराट येत होता. मग ती आवाज दाबून बोलली.

"वेणूताई, दुकानवाल्यांची मॅडम आली आहे आज. मुंबईच्या ऑफिसातली. दुपारी माल त्या मशीनमधून जाणार आणि ती तिथेच उभी राहणार. मशीन वाजली की तो फ्रॉक कुठल्या टेबलावर झाला, ती चिठ्ठी मॅडम बघणार. तुमच्या चिठ्ठीवर लिहिलंय टेबल नंबर बावीस. आमच्याकडे टेबलं अठराच आहेत."

"मग त्याच्या आधी काढ ती."

"सहाशे फ्रॉक एकत्र झालेत. तुमचे पंचवीस कुठले, मला काय समजणार? एकेक चिठ्ठी वाचत बसले तर सगळ्यांच्या नजरेत येईल."

"मला समजंल," वेणू म्हणाली. "मी डावरी हाय. माझा टाका उलटा पडतो."

 "मागच्या गेटला या. लवकर. अल्ला करो, कोणी बघू नये."

मागच्या गेटला शहाबानोने तिच्या डोक्याला कंपनीचा निळा रुमाल बांधला, अंगावर ॲप्रन चढवला आणि त्या दिवशी न आलेल्या एका मुलीचं कार्ड गळ्यात अडकवलं. कार्डावर रिदा नावाची वीस वर्षांची पोरगी हसत होती. शहाबानोने वेणूच्या कपाळावरच्या ठसठशीत कुंकवाकडे पाहिलं.

"कार्ड उलटं ठेवा," ती म्हणाली. "आणि कोणाशी बोलू नका."

चार वर्षं वेणूने या कंपनीचं काम केलं होतं, पण कंपनी आतून पहिल्यांदाच पाहत होती. दिव्यांच्या लांबच लांब रांगा, खाली माना घातलेल्या पोरी. चेकिंगच्या टेबलावर फ्रॉकांचे ढीग होते. तिने पहिला ढीग पुढे ओढला आणि गळे पलटायला सुरुवात केली. बघायचीही गरज पडत नव्हती, अंगठा फिरवला की कळत होतं. सरळ. सरळ. सरळ. उलटा. तो तिने पूर्ण चाचपला. नव्हती. सरळ. उलटा. नव्हती. समोरच्या टोकाला मशीनचा पट्टा सुरू झाला आणि पहिले फ्रॉक त्यावरून पुढे सरकू लागले.

तिसऱ्या ढिगात, अकराव्या की बाराव्या फ्रॉकच्या गळ्याला आतून काहीतरी कडक लागलं. शिवणीत बेमालूम बसली होती. सखूबाईने नीट खोचली होती. वेणूने ती ओढून काढली आणि मुठीत धरली. शहाबानोने दुरूनच ओळखलं आणि डोळ्यांनीच खूण केली, की निघा आता.

"मावशी, एक मिनिट."

मॅडम म्हणजे तिशीची, चष्मा लावलेली, साधीशी मुलगी होती. हातात कागद होते. मराठीच बोलत होती, गोड. मॅनेजर तिच्या मागे उभा होता आणि वेणूकडे कधीच न पाहिल्यासारखा पाहत होता, जे खरंच होतं.

"घाबरू नका, मी सगळ्यांनाच विचारते. किती वर्षं काम करता?"

"चार."

"कामाची वेळ?"

"साडेआठ ते साडेपाच." शहाबानोच्या तोंडून हजारदा ऐकलेलं वेणूने म्हणून दाखवलं.

"पगार वेळेवर?"

"हो."

मॅडम प्रत्येक उत्तरापुढे खूण करत होती. वेणूच्या मुठीत सुई रुतत होती. शहाबानो येऊन तिच्या बाजूला उभी राहिली.

"शेवटचं. सुई हरवली तर आधी काय करता?"

"आधी नातीला उचलते," वेणू म्हणाली.

पेन थांबलं.

"ती म्हणते, सुपरवायझरला सांगते," शहाबानो पटकन म्हणाली. "थोडं कमी ऐकू येतं हिला."

मॅडमने शहाबानोकडे पाहिलंही नाही. तिने हात पुढे केला आणि वेणूच्या गळ्यातलं कार्ड हळूच सुलटं केलं. रिदा हसत होती.

"मावशी, नात कुठे असते?"

वेणूची नजर मागच्या गेटाकडे गेली. त्यातच मॅडमला उत्तर मिळालं.

फ्रॉक परदेशी रवाना झाले. मॅनेजरने लिहून दिलं की हा शहाबानोचा परस्पर केलेला उद्योग होता, कंपनीला कल्पना नव्हती. मॅडमने तेही कागदात लावलं. तिचं काही चुकलं नव्हतं. तिच्या यादीत बावीस घरांसाठी रकानाच नव्हता. छपराबाहेर काम द्यायचं नाही, अशी गेटवर नवीन पाटी लागली, मागचं गेट बंद झालं. मणी लावायचं काम, म्हणे, आता आणखी लांब कुठल्या तरी राज्यात जाणार होतं.

चौथ्या दिवशी शहाबानो आली. तिला कामावरून काढलं होतं. सहासष्ट सुया जमा केल्याशिवाय कंपनी तिचा राहिलेला पगार द्यायला तयार नव्हती. वेणूने तिन्ही सुया पुढ्यात ठेवल्या आणि चहा टाकला. मनिषा पोरीला घेऊन आत निघून गेली. चार दिवस तिचं सासूशी बोलणं कामापुरतंच होतं.

"एवढं एक खोटं नाही बोलता आलं, वेणूताई?"

"पगाराचं बोलले की. वेलेचं बोलले." वेणूने कप पुढे सरकवला. "सुईचं इचारलं नसतं तर सगलं निभावलं असतं."

शहाबानोने चहा संपवला. कप खाली ठेवून ती पिशवीतल्या यादीकडे बघत राहिली.

"आता सखूबाईकडे जायचंय. शिव्या घालेल मला."

"मला चार दिवस घालतेय," वेणू म्हणाली. "चल, मी येते."