कुशाबाईचा पहिला प्रश्न

माझी आई, सारजाबाई, कुणाला घाबरत असेल असं कुणालाच वाटत नाही. केंदूरची अर्धी गल्ली तिच्या तोंडाला भिते आणि उरलेली नुसत्या नजरेला. पण रस्त्यानं कुशाबाई येताना दिसली की आई हातातलं काम टाकून आत जायची आणि घरात तान्हं मूल असेल तर त्याच्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकायची. मी तिला यावरून किती वेळा बोलले असेन. ती म्हणायची, "तू दौंडला रेल्वेच्या क्वार्टरात ऱ्हातीस, तुला काय कळतंय."

कुशाबाई आमच्या मळ्यापलीकडच्या धनगरवस्तीवरची. पन्नाशीकडं झुकलेली, काटक बाई. घरात शिरलेलं रानातलं जनावर जिवंत काढायचं आणि रानात सोडायचं, हे तिचं काम. वनखात्याचं ओळखपत्र गळ्यात, आकडा लावलेली काठी आणि कापडी पिशव्या डिकीत, आणि एक खडखडणारी स्कूटी. आधी लोक हसायचे. मग लोकांच्याच घरात नाग निघायला लागले आणि हसणारेच फोन करायला लागले.

कारेगावात तर तिची वट आहे. तिथल्या एका चाळीत, कंपनीतल्या बिहारी पोरांच्या खोलीवर, छताच्या पोकळीत उदमांजर राहायला आलं होतं. वर सारखी धावपळ, पोरं कामावर डुलक्या घेत होती. चाळमालक कुशाबाईला म्हणाला, मांजर बाहेर गेलं की भोक बुजवून टाक. तिनं वर बघत विचारलं, "पिल्लं कुठं हायत?" कुठंही गेली तरी तिचा पहिला प्रश्न हाच असतो. पिल्लं आत राहिली तर आई छत फाडेल आणि पिल्लं आतच कुजतील, मग भाडेकरूच पळतील, असं तिनं मालकाला समजावलं. पिल्लं स्वतःच्या पायानं हिंडायला लागेपर्यंत तिनं भोकाला हात लावू दिला नाही. पोरं रोज विचारायची, "दीदी, और कितने दिन?" ही म्हणायची, "उसकी माँ को पूछो." एक दिवस सगळं कुटुंब बाहेर पडलेलं बघून तिनं भोक पत्र्यानं बंद केलं आणि चहा पिऊन घरी आली.

अशा बाईला आई का टाळायची? तर कुशाबाईचं स्वतःचं मूल पाचवीच्या आत गेलं होतं म्हणून. तेव्हा ती नवऱ्याबरोबर मेंढरं घेऊन रानोमाळ असायची. पाल ठोकलं होतं तिथंच बाळंत झाली. एका सकाळी मूल निपचित. अंगावर जखम नाही, ओरखडा नाही. बायकांनी ठरवून टाकलं की हिचीच नजर वाईट, हिनंच खाल्लं. घोंगडीच्या घडीत मण्यार निघाला, त्याचा दंश डोळ्यांना दिसत नाही, असं ती सांगत राहिली. कुणी ऐकलं नाही. तेव्हापासून गावातल्या एकाही बाळंतिणीच्या खोलीत तिला पाऊल टाकता आलेलं नाही.

यंदाच्या जूनमध्ये माझी धाकटी बहीण सुलक्षणा पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. मुलगी झाली, दवाखान्यातून सगळं नीट घरी आलं. पाचवीच्या दिवशी सकाळीच मी दौंडहून एसटीनं पोचले तेव्हा पाऊस नव्हता, वारा नव्हता, नुसती काहिली. बाळंतिणीच्या खोलीची खिडकी बंद, बाजेखाली शेगडी, ओव्याचा धूर. पडवीत गोवऱ्यांचा ढीग होता, त्याच्याकडं कोंबड्या दोन दिवस फिरकल्या नव्हत्या. आई म्हणाली, उन्हामुळं. मला तेव्हाही ते पटलं नाही, पण बाळाला बघायच्या घाईत मी पुढं गेले.

दुपारी माझा भाऊ रविराज गोवऱ्या आणायला गेला आणि कुकरची शिट्टी व्हावी तसा आवाज आला. तो उडी मारून मागं आला. ढिगात घोणस होती. त्यानं आईला न विचारता कुशाबाईला फोन लावला. ती आली, आईकडं न बघता पडवीत गेली. काठीच्या आकड्यानं तिनं ती जाडजूड घोणस अलगद उचलली, तिचं पोट निरखलं आणि पिशवीत सोडली. मला वाटलं, संपलं. पण तिनं पिशवीचं तोंड बांधलं आणि विचारलं, "पिल्लं कुठं हायत?"

रविराज म्हणाला, "कसली पिल्लं, कुशाताई?"

"हिचं पोट रिकामं झालंय. कातडं लोंबत व्हतं. कालपरवाच व्यालीया. घोणस अंडी घालीत न्हाई, जिती पिल्लं व्यातीया, आन् पिल्लू जन्मल्यापासनं इखारी असतंय."

एकेक गोवरी ती आकड्यानं बाजूला करायला लागली. खालच्या थरात पिल्लं होती, वीतभर लांब, बोटाएवढी जाड, आईसारखीच ठिपक्यांची. ती बरणीत गोळा करत गेली आणि आम्ही तोंडाला पदर लावून बघत राहिलो. मग ती एकदम थांबली. ढिगाच्या एका बाजूला मोठी खोबण पडली होती.

"हितल्या गोवऱ्या कुठं गेल्या?"

मीच बोलले. आईनं सकाळी पोतं भरून नेलं होतं, शेगडीसाठी. सुलक्षणाच्या बाजेखाली.

कुशाबाई खोलीकडं निघाली. तिच्याआधी आई दारात पोचली होती. दोन्ही हात चौकटीला.

"कुशे, तू आत न्हाई यायचं."

"मावशी, बाळाला तरी भाईर आणा."

"पाचवी पुजल्याबिगर लेकरू उंबरा वलांडत न्हाई. लोकाच्या घरची पोर हाय ती, काय झालं तर त्यास्नी तोंड कसं दावू?"

"आई, शुद्धीवर ये!" मी ओरडले. आतून सुलक्षणा विचारत होती काय झालं, काय झालं. कुशाबाई तिथूनच तिला म्हणाली, "पोरी, पाय बाजेवर घे. बाळाला छातीशी धर. खाली काय बी पडलं तरी वाकू नगंस." मग आईला म्हणाली, आणि तिला असं विनवताना मी पहिल्यांदाच ऐकलं, "मावशी, माझी नजर वाईट म्हंता ना? डोळं बांधून येत्ये, पर पोत्याला दुसऱ्या कुणी हात लावू नका."

आईचा चेहरा हलला. मला वाटलं, सरकते आता. ती म्हणाली, "मीच आणते पोतं," आणि वळली. मी तिचा पदर धरला, तो हातातून सुटला. तिनं वाकून बाजेखाली हात घातला, पोत्याची कड ओढली, आणि "काटा टोचला गं," म्हणत हात मागं घेतला.

कुशाबाईनं उंबरा ओलांडला. यावेळी तिला कुणी अडवलं नाही. तिनं सुलक्षणाला बाजेवरूनच रविराजच्या हाती दिलं. मग तिच्या छातीशी धरलेलं बाळ घेऊन माझ्याकडं दिलं. हे करताना तिनं मान पूर्ण वळवली होती. बाळाच्या तोंडाकडं तिनं बघितलंच नाही. ते बघून रडायलाही वेळ नव्हता. आईचं बोट सुजायला लागलं होतं. "कापू नका, बांधू नका, हलवू बी नका," कुशाबाई म्हणाली, आणि पाचवीसाठी भरलेल्या आईच्या हिरव्या बांगड्या तिनं दगडानं एकेक वाढवल्या. सौभाग्यवतीच्या हाताला तिनं शिवू नये म्हणणारी आई तिच्यापुढं हात धरून बसली होती. आईला दवाखान्यात न्यायला बोलावलेली गाडी निघाली तेव्हा कुशाबाई मागं राहिली. तिनं ती खोली बाजेपासून फळीपर्यंत रिकामी केली. एक पिल्लू बाळाच्या धुतलेल्या दुपट्यांच्या घडीत निघालं.

आई वाचली. औषधाच्या बाटल्या चढल्या, लघवीतून रक्त गेलं, आम्ही दवाखान्याच्या पायरीवर देव आठवले. उजव्या हाताचं बोट मात्र टोकापासून काळं पडून गेलं.

बारसं लांबलं. आई घरी आल्यावरच झालं, आणि तिनं पहिला निरोप धनगरवस्तीवर धाडला. कुशाबाई धुतलेलं लुगडं नेसून आली आणि अंगणातच उभी राहिली. आईनं पट्टी बांधलेल्या हातानंच तिला आत ओढलं, जमलेल्या बायकांसमोर पाळण्यापाशी नेलं.

"सगळी सापडली का गं?" आईनं हळूच विचारलं.

"किती व्हती ते त्यांच्या आईलाच ठावं. सापडली तेवढी काढली."

कुशाबाईनं पाळण्यातली गादी उचलली, झटकली, उलटी करून बघितली. दुपटी एकेक उलगडली. खाली वाकून पाळण्याच्या दोऱ्या चाचपल्या. एरवी अशा वेळी आमच्याकडं हशा-खिदळी चालते, त्या दिवशी प्रत्येक बाई आपल्या पायाखाली बघत होती. सगळं बघून झाल्यावर तिनं माझ्याकडून बाळ घेतलं, पुन्हा तशीच मान वळवून.

"कुशे," आई म्हणाली, "बघ की गं तिच्या तोंडाकडं."

कुशाबाईला मान वळवायला वेळ लागला. तिनं बघितलं. मग बाळाला पाळण्यात न ठेवता ती तिथंच खाली बसली, आणि पाळणा म्हणायची वेळ झाली तरी तिच्या हातातून बाळ काढून घ्यायला कुणीच पुढं झालं नाही.