पिण्यावर बंदी, पाजण्यावर नाही
जपानमधल्या कोतो भागात आमच्या शेजारी एक आजोबा राहायचे. उमे या आंबट फळांची दारू ते घरीच घालायचे. ती बाटल्यांत भरून झाली, की रिकाम्या बरण्या बाल्कनीत धुवायला काढायचे. गरम पाण्यानं विसळून, कडक दारूत भिजवलेल्या फडक्यानं पुसून उपड्या ठेवायचे. वाळल्यावर आत नाक घालून वास घ्यायचे. शंका आली, की पुन्हा गरम पाणी.

एकदा त्यांची सून म्हणाली, “डॉक्टरांनी त्यांना थेंबभरही घ्यायचं नाही म्हणून बजावलंय.”

मी चकित झालो. “मग आजोबा, एवढा खटाटोप कशाला?”

“बंदी पिण्यावर आहे, पाजण्यावर नाही.”

पुढच्या वर्षी त्यांनी पहिला पेला माझ्या हातात दिला. मी “वा!” म्हणताच ते असे तृप्त हसले, जणू घोट त्यांच्याच घशाखाली उतरला होता.