दोन ड्रम, एक पंप

मोहाडी तालुक्यातल्या आमच्या गावच्या जलशुद्धीकरण केंद्रावर मी मदतनीस होतो. केंद्र चालवायचे ते काका. काम त्यांनीच शिकवलं. नदीच्या गढूळ पाण्यात आधी तुरटीचं द्रावण, जोरात ढवळून. मातीचे कण एकमेकांना दूर लोटतात, तुरटी ते भांडण मोडते. मग पॉलिमर, हळू ढवळत. ते कणांना बांधून जड करतं आणि गाळ तळाशी बसतो. दोन्ही लागतात, पण एकामागून एक.

ऐन पावसाळ्यात पॉलिमरचा पंप बंद पडला. काकांनी तालुक्याच्या पाणीपुरवठा विभागातल्या साहेबांना फोन लावला. मी शेजारीच होतो.

"एक पंप चालू आहे ना? मग दोन्ही एकाच ड्रममध्ये टाका. शेवटी जाणार तर पाण्यातच!"

फोन ठेवून काका म्हणाले, "साहेबाच्या घरी भात अन् चहा एकाच गंजात शिजते वाटते."

तरी टाकलं. साहेबाला नाही कोण म्हणणार? ड्रममध्ये चिकट गोळे झाले, नळी तुंबली आणि दोन दिवस गावाने चिखल प्यायला. लेकरांना जुलाब लागले.

आणि चौकशीला कोण आलं? तेच साहेब! त्यांनी रजिस्टर उघडलं. तुरटी किती, पॉलिमर किती, याला रकाने आहेत. कशात आणि कशानंतर टाकलं, याला रकानाच नाही. आकडे बरोबर, पाणी गढूळ, म्हणजे चूक काकांची.

"तुम्हीच फोनवर सांगितलं," मी म्हणालो.

"लेखी आदेश दाखव."

मी दोन्ही द्रावणं एका ग्लासात ओतून दाखवली. गोळा झाला. फाईल ओली होऊ नये म्हणून साहेबांनी ग्लास बाजूला सरकवला.

कबुलीचा कागद टाइप होऊनच आला होता. काकांनी सही केली तर नुसती ताकीद. पण साक्षीदार म्हणून माझीही सही हवी होती, नाहीतर काकांची नोकरी जाणार. काकांनी केली. मी नाही म्हणालो.

काकांनी मला बाहेर ओढलं. "मायी नोकरी वाचून राहिली ना बाबू! बदनामी मायी, तुले कायले झोंबते?"

मी सही केलीच नाही. घडलं ते लिहून दिलं. साहेबांनी तो कागद फाईलला लावलासुद्धा नाही. सोमवारी काकांना काढलं. केंद्र चालवता येणारं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून त्यांची जागा मला दिली. गावाला पाणी तर हवंच, असं स्वतःला सांगून मी ती घेतली.