बारा ते चार

दुपारी दीडला बेल वाजली. दारात आमच्या वस्तीतल्या, आरोग्य केंद्राच्या आशाताई होत्या, डोक्यावर पदर, हातात उन्हाळ्यातल्या काळजीची पत्रकं. "सासूबाईंना मीठ-साखरेचं पाणी देत जा," म्हणाल्या. मी "हो, माहीत आहे" म्हणत पत्रक घेतलं आणि कूलरची गार हवा बाहेर जाते म्हणून लगेच दार लावलं.

आत येऊन वाचलं. पहिलीच ओळ होती, दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका. तिच्यावर त्यांच्या अंगठ्याचा घामाचा ओला ठसा होता.

आमची आई मीटर बघायला येणाऱ्यालाही हातावर गुळाचा खडा आणि पाणी दिल्याशिवाय सोडत नसे. नागपूरच्या उन्हात तो शिष्टाचार नव्हता, औषध होतं. माझ्या फ्रीजमध्ये पन्ह्याचा जग भरलेला होता आणि मी साधं पाणीही विचारलं नव्हतं. दार एवढ्या घाईनं लावलं नसतं तर सुचलं असतं का, कोण जाणे.

खिडकीतून पाहिलं, तर समोरच्या कडुनिंबाखाली आशाताई बाटलीतलं शेवटचं पाणी रुमालावर ओतत होत्या. मी ग्लास घेऊन तशीच धावले. त्यांनी घोटाघोटानं पन्हं संपवलं, मग माझ्या पायांकडे पाहिलं.

"ताई, एवढ्या उन्हात अनवाणी कशाला आलात?" त्या काळजीनं म्हणाल्या. टोमणा असता तर बरं झालं असतं.