हायकोर्टाने तिला परत पाठवलं

लग्नानंतर मी सीताबर्डीच्या एका कापड दुकानात कामाला होतो आणि बायको नरखेड तालुक्यातल्या एका खेड्यात सरकारी शाळेवर मास्तरीण. शनिवारी संध्याकाळी ती एस्टीने यायची, सोमवारी पहाटे जायची. माझे आईवडील माझ्यावर अवलंबून, त्यामुळे मला नागपूर सोडता येत नव्हतं. आमचा संसार रविवारपुरताच.

एकदा वादळात शाळेचं छप्पर खचलं. तिने पोरांना जवळच्या संत्र्याच्या बगिच्यात बसवून शिकवायला सुरुवात केली. नेमके तेव्हाच तपासणीला आलेले साहेब शाळेचं कुलूप पाहून परतले. मग हुकूम निघाला: सतत गैरहजर, म्हणून सेवेतून कमी.

ती ट्रंक घेऊन घरी आली. कित्येक दिवस धड जेवली नाही. मी म्हणालो, "जाऊ दे ना वं. इथं माझ्याजवळ राहा."

"मले एका शब्दानं कोणी विचारलं नाही," ती म्हणाली. "काहून नाही विचारलं?"

म्हणून आम्ही हायकोर्टात गेलो. वकील वयस्कर होते. म्हणाले, "बाई, तुम्ही शाळेत होता की नव्हता, याचा निवाडा इथं होणार नाही. काढण्याआधी तुमचं म्हणणं ऐकलं का, एवढंच कोर्ट पाहील."

"मले तेवढंच पाह्यजे."

खटला वर्षभराहून जास्त चालला. त्या काळात दुकान बंद करून घरी आलो की दारात उजेड दिसायचा, आत फोडणीचा वास. जेवण झाल्यावर आम्ही चौकापर्यंत फिरून यायचो. मध्येच ती थबकायची. "चौथीच्या पोरायले कोण शिकवून राहिलं असंल?" तारीख पुढे गेली की तिचा चेहरा उतरायचा. मी समजूत काढायचो आणि मनात म्हणायचो, चला, अजून एक महिना.

शेवटी सुनावणी झाली. न्यायमूर्तींनी सरकारी वकिलांना विचारलं, "यांना नोटीस दिली होती?" त्यांनी कागद चाळले आणि म्हणाले, "नाही." हुकूम रद्द झाला. खात्याला हवं तर नव्याने चौकशी करा, पण बाईंचं ऐकून, असं कोर्टाने सांगितलं. बाहेर पायऱ्यांवर तिने भर गर्दीत माझा हात धरला. असं तिने कधी केलं नव्हतं.

खात्याने चौकशी केली. गावातले पालक येऊन सगळं सांगून गेले. तिला शाळा परत मिळाली. मी तिला एस्टीत बसवून दिलं तेव्हा ती इतकी आनंदात होती, की मीही हसून हात हलवत राहिलो.

पुढे तिची बदली खाप्याला झाली, अंतर थोडं कमी झालं, पण रोजचा संसार निवृत्तीनंतरच लाभला. तोही फार थोडा. एका दुपारी मी तिला विचारलं, "तुले ते कोर्टाचं वर्ष आठवते का?"

"आठवते ना. तुम्ही जेवताना गिऱ्हाइकायच्या नकला करायचे. मी पोट धरून हसायची."

मी ते विसरूनच गेलो होतो. त्या रात्री पुन्हा एक नक्कल करून पाहिली. आवाज जमला नाही, तरी ती हसली. आता ती नाही. जेवताना कधी एखादं जुनं गिऱ्हाईक आठवतं, आणि हातातला घास तसाच राहतो.